अंगठा, सही आणि पिन

आपल्या समाजाच्या इतिहासात अंगठ्याला मोठे स्थान आहे; मात्र ते अभिमानाचे नाही. सावकाराच्या कागदावर, जमिनीच्या खरेदीखतावर, मजुरीच्या हजेरीपटावर आमच्या आजा-पणजांनी अंगठे उठवले. त्या कागदावर काय लिहिले आहे, हे त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. तिथपासून आपल्या या निवासी शाळेपर्यंतची वाटचाल ही एका अर्थाने अंगठ्याकडून सहीकडे झालेली वाटचाल आहे.

आज यंत्र पुन्हा अंगठा मागत आहे. ठशावरून माणूस ओळखण्याची कल्पना आपल्याच देशात राज्यकारभारात रुजली. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे स्वतंत्र कार्यालय उभे राहिले. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात देशातील पहिली आधार कार्डे दिली गेली. नोव्हेंबर २०१४ पासून निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखलाही ‘जीवन प्रमाण’ या नावाने यंत्रावर निघू लागला. सोय झाली, हे आम्ही नाकारत नाही. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाचा दाखला घरबसल्या निघतो, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु ज्यांनी आयुष्यभर विटा वाहिल्या, ऊस तोडला, भांडी घासली, त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. रेशन दुकानातील यंत्रापुढे आजी तीन-तीनदा बोट पुसून ठेवते आणि यंत्र तिला ओळखत नाही. जिच्या कष्टांनी रेषा पुसल्या, तिलाच ‘तू ती नव्हेस’ असे सांगितले जाते. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधारविषयक निकालात सर्वोच्च न्यायालयाने ओळख पटली नाही म्हणून पात्र व्यक्तीचा लाभ नाकारला जाऊ नये, अशी भूमिका घेतली. ठसा न जुळल्यास बुबुळावरून वा चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोयही आहे. निवृत्तिवेतनधारकाला बँकेत जाऊन कागदावर हयातीचा दाखला देता येतो. हे ठाऊक नसलेला वृद्ध मान खाली घालून परततो. यात दोष यंत्राचा असतो. त्याला मात्र तो आपल्या वयाचा वाटतो.

घरातील मोबाईलची कथा याहून वेगळी नाही. महत्प्रयासाने एक रीत अंगवळणी पडावी आणि ॲप अपडेट होताच बटणाची जागा बदलावी, असे वारंवार घडते. तरुणांना हा बदल क्षणाचा वाटतो. सत्तरीतील माणसाला तो पुन्हा बाराखडीपासून सुरुवात करण्यासारखा असतो. अशा वेळी नातू म्हणतो, “द्या इकडे, मी करतो.” काम होते, पण आजोबा शिकत नाहीत. पुढे पिन नातवाला पाठ, एटीएम कार्ड मुलाकडे आणि पासबुक सुनेच्या कपाटात, अशी स्थिती येते. एकेकाळी पत्र वाचणाऱ्याला घरची सारी गुपिते कळत. आज पिन जाणणाऱ्याला कळतात. प्रेमापोटी का होईना, वृद्ध पुन्हा परावलंबी होतो. आपला कागद आपण वाचावा, यासाठी ज्या चळवळीने हाडांची काडे केली, तिच्या वारसांना हे शोभणारे नाही.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही विद्यार्थी, पालक आणि माजी विद्यार्थ्यांपुढे एक आग्रह मांडतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाणाऱ्या प्रत्येक मुलाने घरातील एका वृद्धाला एकच गोष्ट शिकवावी. मोबाईल त्यांच्याच हातात ठेवावा, बोट त्यांचेच असावे, आपण फक्त शेजारी बसावे. अक्षरे मोठी करून द्यावीत. पायऱ्या वहीत ठळक मराठीत लिहून द्याव्यात. बटण हलले की वहीचे पान बदलावे. पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो, आणि फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवायचे, एवढे तरी पाठ करून घ्यावे. बँकांत आणि शासकीय कार्यालयांत नोकरीस असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक रविवार आपल्या वस्तीतील बुद्धविहारात बसावे. आणि जिथे यंत्र माणसाला नाकारते, तिथे पर्यायी मार्गाची मागणी आपण संघटितपणे व लेखी करावी. ती विनवणी नसून हक्क आहे.

भगवान बुद्धांनी करुणेला प्रज्ञेची जोड दिली. वृद्धाचे काम आपण उरकून देणे ही करुणा झाली. ते काम त्यांना स्वतः करता येईल असे करणे, यात प्रज्ञाही आहे. आपल्या शाळेने अनेक घरांत पहिली सही पोहोचवली. त्याच घरांतील आजी-आजोबांना त्यांचा पिन त्यांच्याच स्मरणात ठेवता यावा, हे आता त्या सहीच्या वारसांचे काम आहे.