कादंबरीचे नभोनाट्य : निवेदकाचा प्रश्न

पुणे-नाशिक मार्गावरील कुरुळीचा कामगार रात्रपाळी संपवून परतताना कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर एखाद्या अभिजात कादंबरीचे नभोनाट्य ऐकतो, तेव्हा तो वाङ्मयाचा आस्वाद घेत असतो की केवळ कथानक जाणून घेत असतो? अशा रूपांतराची ‘संक्षेप’ म्हणून बोळवण करण्याकडे अभ्यासकांचा कल दिसतो. हा निवाडा अपुरा आहे. पाने किती गळली यापेक्षा निवेदकाचे काय झाले, हे पाहणे अधिक महत्त्वाचे होय.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) या दृष्टीने विचारात घेता येईल. तीत माणदेशी माळ आणि धनगरांचे जिणे तरुण मास्तराच्या निवेदनातून साकारते. सारेच संवादांत बसवले, तर कथा उरेल. पाहणारा माणूस मात्र हरवेल. उलट, निवेदकाचा आवाज राखला, विरामांना अवकाश दिला, तर छापील पानाला न पेलणारा बोलीचा हेल कानी पडेल. स्वतः माडगूळकरांनी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांसाठी दीर्घकाळ काम केले, हेही येथे लक्षणीय ठरते.

म्हणून श्रवणाचा आनंद दुय्यम मानू नये. विद्यापीठीय अभ्यासात मूळ कृतीशेजारी रूपांतराचीही चिकित्सा व्हावी. शिणलेल्या डोळ्यांना पुस्तक झेपत नाही, त्यांच्या कानांपर्यंत निवेदक पोहोचला काय, हीच तिची कसोटी असावी.