प्रारंभिक समभाग विक्रीनंतरची प्रक्रिया

प्रारंभिक समभाग विक्रीची (आयपीओ) मुदत संपल्यापासून समभाग शेअर बाजारात सूचिबद्ध होईपर्यंतच्या टप्प्यांना विक्रीनंतरची प्रक्रिया म्हणतात. भारतात तिचे नियमन भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ (सेबी) करते.

कालमर्यादा

पूर्वी विक्री बंद झाल्यावर सहाव्या कामकाजाच्या दिवशी सूचिबद्धता होत असे. १ डिसेंबर २०२३ पासून ही मुदत तीन दिवसांवर आणणे बंधनकारक झाले. पहिल्या दिवशी वाटप निश्चित होते. दुसऱ्या दिवशी समभाग डीमॅट खात्यात जमा होतात व न मिळालेल्या समभागांची रक्कम मोकळी होते. तिसऱ्या दिवशी व्यवहार सुरू होतात. अर्जाची रक्कम या काळात अर्जदाराच्याच बँक खात्यात, परंतु गोठवलेल्या स्थितीत राहते.

वाटप

निबंधक संस्था अर्जांची छाननी करते. एकाच पॅन क्रमांकावरील अनेक अर्ज किंवा दुसऱ्याच्या बँक खात्यातून केलेला अर्ज बाद होतो. दोन लाख रुपयांपर्यंतचा अर्ज किरकोळ विभागात मोडतो. या विभागात मागणी फार वाढल्यास सोडत काढून प्रत्येक यशस्वी अर्जदारास किमान एक संच दिला जातो. त्यामुळे अधिक रकमेचा अर्ज केल्याने समभाग मिळण्याची शक्यता वाढत नाही.

दोन उदाहरणे

मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय आयुर्विमा महामंडळाची विक्री ९ मे २०२२ रोजी बंद झाली. विक्रीचा दर ९४९ रुपये होता. किरकोळ गुंतवणूकदारांना ४५, तर विमाधारकांना ६० रुपये सवलत होती. १७ मे रोजी राष्ट्रीय शेअर बाजारात समभाग ८७२ रुपयांना उघडला, म्हणजे सवलत मिळालेल्यांनाही तोटाच दिसला.

पुण्याच्या बजाज हाउसिंग फायनान्सची विक्री ११ सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाली. एकूण मागणी साठ पटींहून अधिक होती. ७० रुपयांचा समभाग १६ सप्टेंबरला १५० रुपयांना उघडला. २१४ समभागांच्या एका संचावर १७,१२० रुपयांचा कागदोपत्री लाभ दिसला. परंतु बहुसंख्य किरकोळ अर्जदारांच्या हाती एकही समभाग आला नाही.

विश्लेषण

पहिल्या उदाहरणात किरकोळ विभागातील मागणी दुपटीच्या आसपासच होती व समभाग तुलनेने सहज मिळाले; दुसऱ्यात ते दुर्मीळ ठरले. अर्थतज्ज्ञ केविन रॉक यांनी १९८६ मध्ये हा पेच मांडला: जाणकार गुंतवणूकदार चांगल्या विक्रीत गर्दी करतात व कमकुवत विक्रीपासून दूर राहतात; परिणामी सामान्य अर्जदाराला जे सहज मिळते, ते बहुधा इतरांनी नाकारलेले असते. म्हणून प्रसिद्ध झालेल्या सरासरी नफ्याइतका नफा त्याच्या पदरी पडत नाही.

सूचिबद्धतेनंतर

सुकाणू गुंतवणूकदारांच्या निम्म्या समभागांवरील विक्रीबंदी वाटपापासून ३० दिवसांनी, तर उरलेल्यांवरील ९० दिवसांनी उठते. त्या सुमारास बाजारात पुरवठा वाढू शकतो. कंपनीला यापुढे तिमाही निकाल जाहीर करावे लागतात.

सहकारी भागांशी तुलना

जयसिंगपूर–शिरोळ परिसरातील ऊस उत्पादकांना साखर कारखान्याचा भाग परिचित आहे. त्याचा शेअर बाजारात भाव निघत नाही आणि कितीही भाग असले तरी सभासदाला एकच मत असते. सूचिबद्ध कंपनीत मताचे वजन समभागांच्या संख्येवर ठरते आणि मूल्य रोज बदलते. ‘शेअर’ हा एकच शब्द दोन्हीकडे रूढ असला, तरी जोखीम सारखी नाही.