टॅब्लेटचा डोळा कोठें असावा?

ज्या पिढीनें पाटी व पेन्सिल घेऊन शाळेंत पाऊल टाकलें, त्या पिढीचीं मुलें आज हातांत कांचेची पाटी घेऊन अभ्यासास बसतात. बृहन्मुंबई महानगरपालिकेनें २०१५ सालीं आपल्या शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांस टॅब दिले, तेव्हां दप्तराचें ओझें हलकें होईल कीं नाहीं, हीच चर्चा लोकांनीं मुख्यतः केली. पुढें मार्च २०२० मध्यें महामारीमुळें शाळांचे दरवाजे बंद झाले आणि आमच्या वांद्र्यांतील घराघरांतून हीच पाटी वर्गाची खिडकी बनली. त्या दिवसांत एका क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टीमुळें आमच्या हातून एका विद्यार्थ्यावर अन्याय घडला. टॅब्लेटचा कॅमेरा कोणत्या कडेला बसविलेला आहे, हीच ती गोष्ट होय. विद्यार्थी व पालक यांनीं तिच्याकडे लक्ष द्यावें, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम घडलेली हकीकत सांगतों. नववीच्या वर्गांतील एक मुलगा, चिंबईच्या बाजूस राहणारा, पडद्यावर रोज हजर असे. परंतु त्याची नजर सदैव एका बाजूस वळलेली दिसे. आम्ही व्याकरण शिकवीत आहों आणि हा खिडकीबाहेर पाहत आहे, असा आमचा ग्रह झाला. एके दिवशीं सर्व वर्गादेखत आम्हीं त्याला विचारलें, "अरे, तुझें लक्ष कोठें आहे?" तो म्हणाला, "सर, मी आपल्याकडेच पाहतों आहें." हें उत्तर आम्हांस उद्धटपणाचें वाटलें व आम्हीं त्याला चार शब्द ऐकविले. दुसऱ्या दिवसापासून त्यानें कॅमेरा बंद ठेवण्यास आरंभ केला; आम्हीं तोहि त्याचा दुसरा अपराध म्हणून मनांत टिपून ठेविला.

ता. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं मुंबईंतील आठवी ते बारावीचे वर्ग पुन्हां भरूं लागले. त्यानंतर कांहीं दिवसांनीं तो मुलगा आपला टॅब घेऊन शिक्षकांच्या खोलींत आला, तो त्यानें टेबलावर आडवा उभा करून ठेविला आणि नम्रपणें म्हणाला, "सर, आपण एकदां यासमोर बसून वाचून पाहा." आम्ही बसलों. पडद्यावरील धडा आम्ही वाचीत असतां त्यानें त्याच कॅमेऱ्यानें आमची छबि टिपली. त्या छबींत आम्ही खिडकीकडे पाहत होतों!

याचें कारण अगदीं साधें आहे. टॅब्लेट हा लांबट चौकोन. पुस्तकासारखा उभा धरला तर त्याची आंखूड कडा वर येते. वर्गास बसण्यासाठीं आडवा ठेवला तर लांब कडा वर येते. त्या मुलाच्या टॅबचा कॅमेरा आंखूड कडेच्या मध्यावर होता. टॅब आडवा होतांच तो वरच्या बाजूस न राहतां एका कुशीस गेला. हिशेब करून पाहावा. सुमारें २५ सें. मी. लांब व १८ सें. मी. रुंद टॅब घेतला, तर आंखूड कडेवरील कॅमेरा पडद्याच्या मध्यापासून सुमारें १२ सें. मी. दूर राहतो. मूल ४० सें. मी. अंतरावर बसलें असतां त्याची नजर कॅमेऱ्यापासून सुमारें १७ अंशांनीं बाजूस वळलेली असते. कॅमेरा लांब कडेवर असता तर अंतर ९ सें. मी. व कोन १३ अंशांच्या आसपास भरला असता.

फरक केवळ चार अंशांचा नव्हे. तो दिशेचाहि आहे. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत मिल्टन चेन यांनीं केलेलें संशोधन २००२ सालीं प्रसिद्ध झालें. त्यावरून असें दिसतें कीं, पडद्यावरील मनुष्य कॅमेऱ्याच्या किंचित् खालीं पाहत असला तरी तो आपल्याकडेच पाहतो आहे असें आपण मानून घेतों. परंतु त्याची नजर बाजूस ढळली तर तें आपल्या चटकन् ध्यानांत येतें. म्हणजे तेंच मूल, तोच धडा, तेंच लक्ष; कॅमेरा वर असला तर आपण त्यास अभ्यासू म्हणणार, आणि बाजूस असला तर उनाड!

हें यंत्र बनविणाऱ्यांच्या ध्यानांत कसें आलें नाहीं, असें कोणी विचारील. त्याचा इतिहास मनोरंजक आहे. २०१० सालच्या पहिल्या आयपॅडला कॅमेराच नव्हता. २०११ च्या दुसऱ्या आयपॅडला तो मिळाला, पण आंखूड कडेवर. टॅब्लेट पुस्तकासारखा उभा धरला जाईल, हें त्यांत गृहीत होतें. याउलट मायक्रोसॉफ्टनें २०१२ सालीं काढलेला सरफेस आडवा ठेवून टंकलेखन करण्याजोगा होता, म्हणून त्याचा कॅमेरा लांब कडेवर होता. सॅमसंगनें २०२० च्या गॅलॅक्सी टॅब एस ७ मध्यें हीच जागा पत्करली. ॲपलनें २०२१ च्या आयपॅड प्रोमध्यें माणसास आपोआप चौकटीच्या मध्यभागीं ठेवण्याची युक्ति आणली. तिच्या योगें चेहरा मधोमध आला, पण नजर कांहीं सरळ झाली नाहीं. शेवटीं ऑक्टोबर २०२२ मध्यें दहाव्या पिढीच्या साध्या आयपॅडचा कॅमेरा लांब कडेवर आला. गंमत ही कीं, त्याच महिन्यांत निघालेल्या महागड्या आयपॅड प्रोचा कॅमेरा जुन्याच जागीं राहिला. ता. १८ एप्रिल २०२३ रोजीं आमच्या वांद्रे-कुर्ला संकुलांत ॲपलचें भारतांतील पहिलें स्वतःचें दुकान उघडलें. त्या वर्षीं ज्यानें हे दोन नमुने शेजारीं शेजारीं ठेवून पाहिले असतील, त्यास स्वस्त यंत्राचा डोळा योग्य जागीं आणि महागाचा एका बाजूस दिसला असेल. प्रो व एअर यांत ही सुधारणा मे २०२४ मध्यें झाली. त्यांच्या लांब कडेवर लेखणी चिकटवून तिच्यांत वीज भरण्याचीहि सोय असते. म्हणजे एका जागेवर दोघांचा हक्क! नव्या यंत्रांबरोबर नवी लेखणी आली आणि दुसऱ्या पिढीची जुनी लेखणी त्यांवर चालेनाशी झाली. पालकांच्या खिशाशीं या गोष्टीचा संबंध कसा पोहोंचतो, तें यावरून दिसेल.

सांप्रत याच डोळ्याला कुलुपाच्या राखणीचें कामहि मिळालें आहे. २०१८ च्या आयपॅड प्रोपासून ॲपलच्या कांहीं टॅब्लेटांत चेहरा ओळखून कुलूप उघडण्याची योजना आहे. तींत डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे ३०,००० हून अधिक ठिपके चेहऱ्यावर टाकून त्याचा उंचसखलपणा मोजला जातो. टॅब कोणत्याहि बाजूनें धरला तरी ही योजना चालते. परंतु कॅमेरा आंखूड कडेवर असला व टॅब आडवा धरला, तर आपलाच हात त्यावर पडतो, आणि पडद्यावर बाण काढून यंत्रास आपली अडचण सांगावी लागते. लोकलगाडींत उभें राहून टॅब हाताळणाऱ्यास ही कटकट समजावून सांगावयास नको.

इतर कित्येक टॅब्लेट केवळ साध्या छायाचित्राशीं चेहरा ताडून पाहतात. आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसाकडून असें कुलूप उघडलें जाणें शक्य आहे, हें सॅमसंगसारखे कर्तेहि आपल्या सूचनांत सांगतात. ॲपलच्या म्हणण्याप्रमाणें जुळीं व सारखीं दिसणारीं भावंडें, तसेंच तेरा वर्षांखालील मुलें यांच्या बाबतींत चूक होण्याचा संभव अधिक. कारण लहान वयांत चेहऱ्याची ठेवण पुरती ठरलेली नसते. म्हणून लहान मुलांच्या टॅबला आंकड्यांचेंच कुलूप घालावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आतां कोणी म्हणेल कीं, कर्त्यांनीं चूक सुधारली, मग हा खटाटोप कशासाठीं? आमचें उत्तर असें कीं, आपल्या घरांत नवें यंत्र दरवर्षीं येत नाहीं. थोरल्या भावाचा टॅब धाकट्या बहिणीकडे जातो, आणि त्याचा डोळा जेथें होता तेथेंच राहतो. अशा घरांनीं वर्गाच्या वेळीं टॅब शक्य तर उभा ठेवावा, म्हणजे कॅमेरा वर येईल. टॅब टेबलावर निजवूं नये. दोन-चार जाड पुस्तकें खालीं घालून त्याचा डोळा आपल्या डोळ्यांच्या उंचीला आणावा, म्हणजे मानहि वांकणार नाहीं. खिडकी पाठीशीं न घेतां समोर घ्यावी, म्हणजे चेहरा काळवंडणार नाहीं. नवा टॅब घेणेंच असेल, तर दुकानांत तो हातांत घेऊन आडवा धरावा, कॅमेरा कोठें जातो व आपलीं बोटें कोठें पडतात तें पाहावें, आणि मग किंमत विचारावी.

यंत्राचा दोष अशा रीतीनें सांवरतां येईल. परंतु छबीवरून मनाची पारख करण्याची आपली खोड कशी सांवरावी? चेहऱ्यावरून हजेरी घ्यावी, नजरेवरून लक्ष मोजावें, अशा कल्पना शिक्षणक्षेत्रांत पुढें येत आहेत. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वीं पालकांची संमति घेण्याचें तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानें मान्य केलें आहे. अशी संमति देण्यापूर्वीं, तो कॅमेरा कोठें बसविलेला असतो व चूक झाल्यास मुलाचें म्हणणें कोण ऐकणार, हें पालकांनीं अवश्य विचारावें. शमुवेल संदेष्टा इशायाच्या घरीं गेला, तेव्हां थोरल्या मुलाचें रूप व उंची पाहून हाच तो निवडलेला असें त्यास वाटलें, आणि खरा निवडलेला तर रानांत मेंढरें राखीत होता. एवढा मोठा संदेष्टा जेथें दिसण्याला भुलला, तेथें आम्हां शिक्षकांनीं तरी आपल्या पाहण्यावर किती भिस्त ठेवावी?

ज्या दिवशीं त्या मुलानें आम्हांस आमची छबि दाखविली, त्याच्या दुसऱ्याच दिवशीं आम्हीं वर्गांत सर्वांदेखत त्याची क्षमा मागितली. कारण दोष सर्वांदेखत दिला होता. तो लाजून खालीं पाहूं लागला. त्या वेळीं मात्र त्याचें लक्ष कोठें आहे, असें आम्हीं त्याला विचारलें नाहीं.