क्रियापदामागून येणारे वाक्य

व्यापारी पत्रव्यवहारात शोभतील अशी दोन इंग्रजी वाक्ये शेजारीशेजारी ठेवून पाहावीत. पहिले, ‘ही इन्सिस्ट्स दॅट द बिल बी पेड’. दुसरे, ‘ही इन्सिस्ट्स दॅट द बिल इज पेड’. फरक ‘बी’ आणि ‘इज’ एवढाच. परंतु पहिल्या वाक्यातील गृहस्थ धनको असावा; बिलाची रक्कम चुकती करावी, असा त्याचा आग्रह आहे. दुसऱ्यातील गृहस्थ बहुधा ऋणको. रक्कम केव्हाच चुकती झाली आहे, असे तो ठासून सांगत आहे. एका लहानशा शब्दाने येण्याचे देणे आणि देण्याचे येणे होते. त्यातच ब्रिटिश माणसे बोलताना पहिल्या अर्थानेही पुष्कळदा ‘इज’ वापरतात, त्यामुळे घोटाळा आणखी वाढतो. जेथे पैशाचा प्रश्न आहे तेथे सरळ ‘शुड बी पेड’ असे लिहावे. त्याचा दुसरा अर्थ कोणाला काढता येत नाही.

मराठी माणसाला ही अडचण का यावी, याचे कारण आपल्या वाक्याच्या घडणीत आहे. मराठीत क्रियापद शेवटी बसते. ‘माल पोहोचला असे त्याने कळविले’ या वाक्यात कळविलेली गोष्ट आधी येते, ‘असे’ या शब्दाने तिची गाठ बांधली जाते आणि मग ‘कळविले’ येते. ‘त्याने कळविले की माल पोहोचला’ असा दुसरा मार्गही आपल्याला मोकळा आहे. क्रियापद कोणतेही असो, म्हणणे, सांगणे, वाटणे, इच्छिणे, सुचविणे, ‘असे’ आणि ‘की’ ही दोन अव्यये बहुतेक ठिकाणी निभावून नेतात. इंग्रजीत मात्र गौण वाक्य क्रियापदाच्या मागून येते, आणि ते कोणत्या वेषात यावे हे क्रियापदच ठरवते. कोणाला ‘दॅट’ चालते, कोणाला ‘टू’ लागते, तर कोणी ‘इंग’वाचून पुढे सरकत नाही.

‘तुम्ही माल पाठवावा अशी आमची इच्छा आहे’ याचे सरळ भाषांतर ‘वी वॉन्ट दॅट यू सेंड द गुड्स’ असे होते. ते इंग्रजाच्या कानाला खटकते, कारण ‘वॉन्ट’ला ‘दॅट’ चालत नाही. ‘वी वॉन्ट यू टू सेंड द गुड्स’ असेच म्हणावे लागते. हे शिकून घेतलेला माणूस उत्साहाने ‘वी होप यू टू सेंड’ असे लिहितो आणि पुन्हा फसतो. ‘होप’चा स्वभाव नेमका उलट आहे, तेथे ‘वी होप दॅट यू विल सेंड’ हेच शुद्ध. इच्छा आणि आशा या अर्थाने सख्ख्या बहिणी, पण दोघींच्या घरची रीत वेगळी. ‘सजेस्ट’ तर आणखी मानी. ‘ही सजेस्टेड मी टू वेट’ हे आपल्याकडे कचेऱ्यांतून सर्रास आढळणारे वाक्य अशुद्ध आहे. ‘ही सजेस्टेड दॅट आय वेट’ किंवा ‘ही सजेस्टेड वेटिंग’ असे हवे.

‘से’ आणि ‘टेल’ यांतही असाच भेद आहे. ‘टेल’ला ऐकणारा माणूस हवाच. ‘ही टोल्ड दॅट’ असे म्हणून चालत नाही, ‘ही टोल्ड अस दॅट’ असे म्हणावे लागते. ‘इन्फॉर्म’ आणि ‘अश्युअर’ ही त्याच पंगतीतली. ‘वी इन्फॉर्म्ड दॅट द चेक वॉज रिटर्न्ड’ या वाक्यात चेक परत आल्याचे कोणाला कळविले, ते कोठेच नाही. आणि वाद उपस्थित झाला की नेमका तोच प्रश्न विचारला जातो.

काही क्रियापदे ‘टू’ आणि ‘इंग’ अशा दोन्ही रूपांना जवळ करतात. मात्र प्रत्येक रूपाबरोबर अर्थ पालटतो. ‘आय रिमेंबर्ड टू पे हिम’ म्हणजे त्याला पैसे द्यायचे लक्षात ठेवले आणि दिले. ‘आय रिमेंबर पेइंग हिम’ म्हणजे पैसे दिल्याचे आज आठवते आहे. पहिल्यात आठवण आधी आणि देणे नंतर, दुसऱ्यात देणे आधी आणि आठवण नंतर. ‘वी स्टॉप्ड टू चेक द गुड्स’ म्हणजे माल तपासण्यासाठी थांबलो. ‘वी स्टॉप्ड चेकिंग द गुड्स’ म्हणजे माल तपासणेच बंद केले. दुसरे वाक्य चुकून गेले, तर गिऱ्हाईक पुढचा माल घेताना दहा वेळा विचार करील.

मराठी आणि इंग्रजी यांच्यात आणखी एक दरी आहे. ‘मी उद्या येतो असे तो म्हणाला’ या मराठी वाक्यात बोलणाऱ्याचे शब्द जवळजवळ जसेच्या तसे राहतात. ‘मी’ कोण, हे प्रसंगावरून समजते. इंग्रजीत मात्र पुरुषही बदलतो आणि काळही: ‘ही सेड ही वुड कम द नेक्स्ट डे’. येथे ‘दॅट’ गाळला आहे, आणि ‘से’, ‘थिंक’, ‘नो’ या रोजच्या क्रियापदांनंतर बोलण्यात तो गळतोच. लेखी व्यवहारात, विशेषतः वाक्य लांब असेल तेव्हा, तो ठेवणेच बरे.

प्रश्नार्थक गौण वाक्याची गोष्ट निराळी. ‘ट्रक कोठे आहे?’ आणि ‘ट्रक कोठे आहे ते कळवावे’ यांत मराठी शब्दक्रम हलत नाही. इंग्रजीत स्वतंत्र प्रश्न ‘व्हेअर इज द ट्रक?’ असा, पण ‘प्लीज लेट अस नो’च्या मागून आला की तो ‘व्हेअर द ट्रक इज’ असा सरळ होतो. ‘प्लीज लेट अस नो व्हेन विल यू सेंड’ ही चूक इतकी रुळली आहे की शिकलेल्यांनाही ती ऐकताना खटकत नाही.

या क्रियापदांच्या स्वभावाची पद्धतशीर नोंद करण्याचे काम ए. एस. हॉर्नबी या इंग्रज शिक्षकाने केले, आणि तेही इंग्लंडात नव्हे, जपानात. तो 1924 साली तेथे इंग्रजी शिकविण्यास गेला. जपानी भाषेतही मराठीप्रमाणे क्रियापद शेवटी येते, त्यामुळे तेथील विद्यार्थी अडत तेही बरेचसे आपल्यासारख्याच ठिकाणी. त्याने सहकाऱ्यांसह तयार केलेला कोश 1942 साली टोकियोत छापला गेला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा प्रसिद्ध केला. 1954 च्या आपल्या व्याकरणग्रंथात त्याने क्रियापदांच्या रचनांचे 25 साचे मांडले. आजही विद्यार्थ्यांसाठीच्या चांगल्या इंग्रजी कोशात प्रत्येक क्रियापदासमोर त्याच्यामागून काय येते, ते छापलेले असते. बहुतेकजण अर्थ पाहून कोश मिटतात. ‘सजेस्ट’चा अर्थ आपल्याला ठाऊकच असतो, पाहावयाचे असते ते त्याच्या शेजारी दिलेले उदाहरण.