फणकाऱ्याने आणि रिक्षाने

ऐकलं ते / कानसेन

आईने सुरीने घाईने कांदा कापला. तिसरी-चौथीतल्या मुलाला हे वाक्य वाचायला द्या, ते कुठेही अडखळणार नाही. 'ने' तीनदा आला. पहिल्याने कापणारी कळली, दुसऱ्याने हत्यार, तिसऱ्याने कापण्याची तऱ्हा. आता हेच इंग्रजीत सांगायला घ्या. आईला काहीच लागत नाही. सुरीला 'विथ' लागतो आणि घाईला 'इन'. त्या 'इन'पुढचा 'अ' राहून गेला की इंग्रजीच्या बाई लाल पेन उचलतात.

यावरून एखाद्याला वाटेल की इंग्रज प्रत्येक वस्तू आपापल्या खणात ठेवणारे आणि आपण सगळं एकाच डब्यात कोंबणारे. तसं काही नाही. त्यांचा 'इन' बघा. लग्नाच्या मांडवातून मावशी 'लेफ्ट इन टीअर्स', 'लेफ्ट इन अ टॅक्सी', 'लेफ्ट इन अ पैठणी'. मराठीत मावशी रडत गेली, टॅक्सीने गेली, पैठणी नेसून गेली. त्यांच्या एका 'इन'साठी आपल्याला तीन वाटांनी जावं लागलं. (हल्ली 'पैठणीत आली' असंही कानावर येतं. मला ती पैठणी नेसलेली वाटत नाही, कुणीतरी त्यात गुंडाळून पाठवल्यासारखी वाटते.)

या 'इन'ची गंमत डिकन्सला बरोबर ठाऊक होती. १८३६-३७ मध्ये हप्त्याहप्त्याने छापून आलेल्या 'पिकविक पेपर्स'मध्ये बाथ गावातला पत्त्यांचा एक डाव आहे. पिकविकसाहेब इतकं वाईट खेळतात की त्यांची भिडू असलेली बाई संतापून घरी निघते. तिचं रडणं आणि दोन माणसांनी उचलून न्यायचा तिचा मेणा, हे दोन्ही डिकन्सने एकाच 'इन'ला जुंपलेत. पुढे १९४९ साली गिल्बर्ट राइल या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाने 'द कन्सेप्ट ऑफ माइंड'मध्ये हाच विनोद कामाला लावला. अश्रू आणि मेणा 'आणि'ने जोडले की हसू येतं, कारण त्या एका जातीच्या गोष्टी नव्हेत. मन आणि शरीर हीसुद्धा अशीच एका रांगेत बसवता येत नाहीत, हा त्याचा मुद्दा.

मराठीत हा विनोद जसाच्या तसा उतरवायला गेलं की मरतो. 'रडत आणि मेण्यातून' म्हणताच दोन वेगळी प्रत्ययरूपं दिसतात आणि सांधा उघडा पडतो. मग आपल्याकडचा 'ने' काढावा लागतो. ती फणकाऱ्याने आणि रिक्षाने निघून गेली. झालं काम. मेणा गेला, रिक्षा आली, अश्रूंच्या जागी फणकारा आला, पण वाचणारा हसला. भाषांतरात एवढी अदलाबदल मी पदरचे पैसे घालूनही करीन.

उलट ज्याने चीड येते ते म्हणजे 'सह'. 'विथ' म्हणजे सह, 'बाय' म्हणजे द्वारे, 'इन' म्हणजे मध्ये, हा तक्ता आपण शाळेत पाठ केला आणि तो अंगातून जात नाही. अनुवादित कादंबऱ्यांतली माणसं 'स्मितासह' बोलतात, 'आश्चर्यासह' बघतात आणि 'जड अंतःकरणासह' निरोप घेतात. जणू स्मित हे हातातलं सामान आहे आणि उतरताना ते गाडीत विसरेल. अहो, माणूस हसून बोलतो, चकित होऊन बघतो. इंग्रजीने क्रियापदामागे जे शेपूट लावलं ते आपल्याकडे बहुधा दुसऱ्या क्रियापदात शिरतं: हसून, चिडून, दचकून. नाहीतर 'ने'मध्ये: मुकाट्याने. 'मुकाट्याने' हा शब्द हाताशी असताना 'शांततेमध्ये जेवला' लिहिणाऱ्याला एक दिवस खरोखर मुकाट्याने जेवायला बसवावं.

चालण्याफिरण्याच्या क्रियापदांत हा फरक सगळ्यात उघड दिसतो. इंग्रजीत 'द बॉल रोल्ड डाउन द स्टेअर्स इंटू द गटर'. चेंडूची तऱ्हा क्रियापदाने सांगितली आणि वाट मागच्या दोन तुकड्यांनी. मराठीत चेंडू घरंगळत जिना उतरला आणि गटारात गेला. म्हणजे आपण तऱ्हा 'घरंगळत'वर सोपवली, वाटेसाठी 'उतरला' आणि 'गेला' अशी दोन क्रियापदं खर्चली. लेनर्ड टॅल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने जगातल्या भाषांची यावरूनच विभागणी सुचवली: काही भाषा वाट क्रियापदात सांगतात, स्पॅनिशसारख्या, काही क्रियापदाबाहेर, इंग्रजीसारख्या. मराठी मला दोन्हीकडे पाय टाकून उभी दिसते. 'कड्यावरून पाण्यात पडला' हे आपण इंग्रजाइतक्याच सहज म्हणतो.

इंग्रजीची खरी चैन मात्र वेगळीच आहे. ज्या क्रियापदाला कर्म नको, वाट नको, त्यालाही ते असं शेपूट लावून कामाला जुंपतात. शिंकेने टेबलावरचा नॅपकिन उडवून लावणारं वाक्य भाषाशास्त्रात प्रसिद्ध आहे. अडेल गोल्डबर्ग यांनी १९९५ च्या पुस्तकात त्याची चर्चा केली. तिथे 'स्नीझ'च नॅपकिन उडवतं. आपले आजोबा शिंकतात, आणि कवळी भातात पडते. शिंक वेगळी, पडणं वेगळं, मधे एक 'आणि'.

चैन आली की घोटाळाही आलाच. 'पुट द लाडू इन द जार ऑन द शेल्फ.' लाडू आत्ता कुठे आहे? बरणीत असेल तर तो काढून फळीवर ठेवायचा. परातीत असेल तर फळीवरच्या बरणीत भरायचा. इंग्रजीत तेच शब्द, तोच क्रम. कोणता तुकडा लाडवाचा आणि कोणता 'पुट'चा, हे ऐकणाऱ्याने ताडायचं. संगणकाला इंग्रजी शिकवणाऱ्यांना या तुकड्यांनी वर्षानुवर्षं रडवलंय. मराठी आजी मात्र 'बरणीतला लाडू फळीवर ठेव' म्हणेल, नाहीतर 'फळीवरच्या बरणीत लाडू ठेव'. एक 'तला', एक 'वरच्या', आणि नातवाला लाडू खाण्याखेरीज दुसरी सबब उरत नाही.

'फाइट विथ'चंही तेच. एखाद्या गोऱ्या सैनिकाबद्दल 'ही फॉट विथ द शिंदेज' वाचलं तर तो कुणाच्या बाजूने होता? शंका फुकटची नाही, कारण महादजींच्या फौजेत डी बॉईनसारखे युरोपीय अधिकारी होतेच. आपण 'शिंद्यांशी लढला' किंवा 'शिंद्यांच्या बाजूने लढला' म्हणून मोकळे होतो. जुन्या इंग्रजीत 'विथ'चा अर्थ मुळात विरुद्ध असाच होता, 'विथस्टँड'मध्ये तो अजून टिकून आहे. 'बरोबर' या अर्थाचा शब्द होता 'मिड'. तो गेला, पण 'मिडवाइफ'मध्ये अडकून राहिला: बाळंतिणीबरोबर असणारी बाई.

इतकं सगळं ठाऊक असून मी स्वतः कुठे आपटलो तेही सांगतो. एका कथेच्या अनुवादात साधं वाक्य होतं, 'शी रॅन इंटू द किचन'. मी लिहिलं, 'ती धावत स्वयंपाकघरात गेली.' इंग्रजीत धावणं आहे, आत शिरणं आहे. बघणारा कुठे उभा आहे याची विचारपूस नाही. मराठीला ती बहुधा करावी लागते, कारण 'धावली' एवढ्यावर तिचं सहसा भागत नाही, 'आली' किंवा 'गेली' म्हणावं लागतं. मी तो विचारच केला नाही, हाताला आलं ते लिहिलं.

मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी 'गेली'भोवती गोल काढला आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं: "मागच्या पानावर गोष्ट सांगणारी आजी स्वयंपाकघरात मटार सोलत बसली आहे. 'आली' करू का?"