मूठभर मातीचा सेनापती

दक्षिण व्हिएतनामच्या पराभवाची मीमांसा करताना अमेरिकेतील युद्धसमर्थकांनी एक सोयीचा युक्तिवाद वर्षानुवर्षे चालविला आहे. शस्त्रे चोख होती, हेतू शुद्ध होता. घात केला तो सायगॉनच्या सत्तालोलुप, चंचल सेनापतींनी! या युक्तिवादाची परीक्षा घ्यायची तर जनरल न्गुयेन खान्ह यांची कारकीर्द तपासावी.

१९२७ साली जन्मलेले खान्ह ऐन तारुण्यात व्हिएत मिन्हमध्ये गेले, लवकरच बाहेर पडले आणि फ्रेंचांच्या छत्राखालील सैन्यात अधिकारी झाले. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर फ्रेंच गेले, अमेरिकन आले. खान्ह मात्र राहिले. नोव्हेंबर १९६० मध्ये बंडखोर छत्रीसैनिकांनी अध्यक्ष न्गो दिन्ह दिएम यांच्या प्रासादाला वेढा घातला, तेव्हा भिंत ओलांडून आत जाणारे आणि वाटाघाटींचा घोळ घालून दिएमना वाचविणारे खान्हच होते. तीन वर्षांनी दिएमना उलथणाऱ्यांतही तेच सामील झाले. पुढे तीन महिने उलटण्याच्या आत, ३० जानेवारी १९६४ रोजी, त्या उठावाच्या नेत्यांचीच सत्ता त्यांनी हिसकावली. चार सेनापतींना तटस्थतावादाच्या आरोपाखाली अटक झाली. चौकशीत त्याचा पुरावा मिळाला नाही, तेव्हा नैतिक शैथिल्याचा ठपका ठेवून वेळ निभावण्यात आली.

या सेनापतीचे कौतुक कोणी केले? मार्च १९६४ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री मॅक्नमारा स्वतः व्हिएतनाममध्ये आले आणि गावोगाव खान्ह यांचा हात उंचावीत हिंडले. ज्या राज्यकर्त्याची ओळख त्याच्याच प्रजेला परदेशी मंत्र्याने करून द्यावी लागते, त्याचे राज्य कोणाचे? ऑगस्टमध्ये खान्ह यांनी वुंग ताऊची सनद काढून सर्वाधिकार आपल्या हाती घेतले. विद्यार्थी आणि बौद्ध रस्त्यावर उतरले, आणि दहा दिवसांच्या आत ती सनद मागे घ्यावी लागली. डिसेंबरात राष्ट्रीय उच्च मंडळ बरखास्त झाले, तेव्हा अमेरिकन राजदूत मॅक्सवेल टेलर यांनी तरुण सेनापतींना शाळकरी पोरांसारखे फैलावर घेतले. खान्ह यांना परकीय हस्तक्षेपाची आठवण झाली ती तेव्हा! फेब्रुवारी १९६५ मध्ये सहकाऱ्यांनीच त्यांना दूर केले. फिरता राजदूत ही पदवी आणि मायभूमीची मूठभर माती घेऊन त्यांनी देश सोडला. ८ मार्च रोजी दा नांगच्या किनाऱ्यावर अमेरिकन मरीन उतरले.

ही चंचलता खान्ह यांचा स्वभावदोष म्हणून सोडून देता येणार नाही. ती त्या नोकरीची अटच होती. जिनिव्हा कराराने १९५६ साली ठरविलेली देशव्यापी निवडणूक दिएम यांनी अमेरिकेच्या पाठबळावर होऊच दिली नाही. भातशेती करणाऱ्या कुळाला विचारण्याचा मार्ग बंद झाला, तेव्हा सत्तेची किल्ली डॉलर पुरविणाऱ्या दूतावासात जाऊन पडली. ज्या खुर्चीचा पाया जनतेत नाही, तिच्यावर बसणाऱ्याने वाऱ्याची दिशा न्याहाळावी, यात नवल ते कोणते? खान्ह गेले, दुसरे आले, आणि ३० एप्रिल १९७५ रोजी ती खुर्चीच कोसळली.

दोष चंचल सेनापतींवर ढकलणारे आणखी एक सत्य झाकतात. त्याच सैन्यातील दोन लाखांहून अधिक सैनिक त्या युद्धात मेले. त्यांत शेतकऱ्यांचीच पोरे मोठ्या संख्येने होती. त्यांच्या समोर उभे राहणारेही शेतकऱ्यांचेच पुत्र होते. ही पोरे भ्याड नव्हती. त्यांना मरायला सांगणाऱ्या राज्यापाशी त्यांच्या संमतीचा कागद नव्हता, एवढेच.

खान्ह २०१३ साली कॅलिफोर्नियात वारले. विमानात चढताना त्यांनी नेलेल्या मातीवर त्यांचे प्रेम खरेही असेल. परंतु ती कसणाऱ्यांना त्यांनी, आणि त्यांना उभे करणाऱ्यांनी, एकदाही विचारले नव्हते. सायगॉनच्या पराभवाचे कारण शोधणाऱ्यांनी ते तेथे शोधावे.