सातेरीचे वारूळ हाच इतिहासाचा पुरावा

१/ सिंधुदुर्गात अनेक गावांत सातेरीचे देऊळ आढळते. वेंगुर्ल्याची ती ग्रामदेवता. मालवण तालुक्यात बिळवसला तिचे मंदिर पाण्याने वेढलेले आहे. ‘सातेरी म्हणजे दुर्गेचेच रूप’ एवढ्यावर तिची ओळख सहसा आटोपते. श्रद्धेला हे वाक्य पुरते. इतिहासाला पुरत नाही.

२/ सातेरीचे मूळ रूप वारुळाचे आहे. कोकणीत त्याला ‘रोयण’ म्हणतात. काही देवळांच्या गाभाऱ्यात आजही प्रत्यक्ष वारूळ पुजले जाते आणि त्यावर देवीचा मुखवटा चढवला जातो. मूर्ती नंतरची, माती आधीची.

३/ वारूळच का? जांभ्या कातळाच्या या प्रदेशात माती दुर्मीळ आणि मोलाची. तीच माती भूमीच्या पोटातून आपसूक वर येऊन वाढताना दिसते. शिवाय वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त (सहावे शतक) भूमिगत पाणी शोधण्याच्या खुणांमध्ये वारुळाचा उल्लेख वारंवार येतो. माती, पाणी, नाग आणि संतती या चारही कल्पना वारुळापाशी एकत्र येतात.

४/ रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथात वारूळ हे भूमातेच्या सर्जनशक्तीचे प्रतीक मानून सातेरी, रेणुका, यल्लम्मा यांचे नाते उलगडले. गोव्यात जन्मलेले दा. ध. कोसंबी यांनीही मातृदेवता मुळात स्वतंत्र होत्या आणि पुरुषदैवतांशी त्यांचे विवाह पुढे लावले गेले, अशी मांडणी केली.

५/ मग ‘शांतादुर्गा’ कुठून आली? शिव-विष्णूंचे युद्ध शमवणारी देवी, अशी तिची कथा. गोव्यातील अनेक गावांत सातेरी याच नावाने पुजली जाते. पोर्तुगीज काळात केळशीहून कवळ्याला हलवलेल्या शांतादुर्गेचे आजचे भव्य मंदिर १७३८ मध्ये, छत्रपती शाहूंच्या काळात पूर्ण झाले. त्यासाठी खटपट करणारे मंत्री नारो राम रेगे मूळचे वेंगुर्ल्याजवळच्या कोचऱ्याचे. राजाश्रय लाभलेल्या नावाला प्रतिष्ठा मिळावी, हे स्वाभाविकच.

६/ नवे नाव म्हणजे फसवणूक नव्हे. तोही इतिहासच, परंतु वरचा थर. वरच्या थरासाठी खालचा पुसण्याचे कारण नाही.

७/ खालचा थर अद्याप जिवंत आहे. आंगणेवाडीच्या भराडीदेवीचे नाव ‘भराड’, म्हणजे माळरान, यावरून पडल्याचे सांगतात. तिच्या जत्रेची तारीख पंचांगातील ठरावीक तिथीवर अवलंबून नसते. ती देवीच्या कौलाने ठरते. गावऱ्हाटीतील मानपान आणि दसऱ्याची तरंगे यांतही ग्रामदेवीचा अधिकार दिसतो.

८/ धोका जीर्णोद्धाराच्या घाईत आहे. वारुळावर फरशी बसली आणि समोर संगमरवरी मूर्ती आली, की देऊळ नवे दिसते, पण त्याचा सर्वांत जुना दस्तऐवज नाहीसा होतो. शिलालेख भंगला तर ठसा तरी उरतो. मातीचा ठसा कुणी घेतलेला नसतो.

९/ म्हणून इतिहासप्रेमी तरुणांनी आपल्या गावापासून आरंभ करावा. जाणत्यांच्या तोंडी देवीचे कोणते नाव आहे, गाऱ्हाण्यात दैवते कोणत्या क्रमाने येतात, वारूळ कुठे आहे, हे देवस्थानच्या मानकऱ्यांच्या संमतीने नोंदवून ठेवावे. सातेरीला दुर्गा अवश्य म्हणावे. पण दुर्गा होण्याआधी ती या मातीची आई होती, हेही पुढच्या पिढीला कळले पाहिजे.